कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांवर लिहिताना: आधी काम बघा, मग आयुष्य

तुम्ही कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक आणि चित्रकारांवर मराठीत लेखमाला लिहीत आहात. चार लेख झाले आणि चारही एकसारखे वाटतात, अशी तुमची तक्रार आहे. गुलामगिरीचा वारसा, गरिबी, अपमान, जिद्द, शेवटी पुरस्कार. नावं बदलतात, लेख तोच राहतो. त्यातून तुमचे दोन प्रश्न आहेत. हे टाळायचं कसं? आणि इतक्या लांबून आपण या माणसांवर लिहावं का? मी बरीच वर्षं अशी व्यक्तिचित्रं आणि समीक्षा लिहिते आणि इतरांची संपादितही करते, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

लेख सारखे होतात, कारण तुम्ही प्रत्येक वेळी जन्मापासून सुरुवात करता. वर्णद्वेषाचा जाच सगळ्यांच्याच वाट्याला आला होता. तिथून निघालात की सगळ्या वाटा एकाच गावाला जाऊन मिळतात. माणसं वेगळी दिसतात ती कामात. चौकटीत काय घ्यायचं, काय वगळायचं, कुणाच्या तोंडी कुठली भाषा द्यायची, कुठे गप्प बसायचं, हे निर्णय प्रत्येकाने स्वतःच्या अकलेने घेतलेले असतात. लेख तिथून सुरू करा. आयुष्य आपोआप मागून येतं, आणि जेवढं हवं तेवढंच येतं.

जेकब लॉरेन्सचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेच्या शहरांकडे निघाली. लॉरेन्सचे आईवडीलही त्याच लोंढ्यातले. तो १९१७ साली जन्मला आणि तेराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत आला. १९४०-४१ मध्ये त्याने या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका केली. प्रत्येक चित्र १२ इंच बाय १८ इंचांचं, म्हणजे लहानच. आधी तो १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात बसून महिनोन् महिने वाचत होता. चित्रांखालच्या ओळी त्याने आधी लिहिल्या आणि चित्रं नंतर काढली. त्या ओळींच्या कामात आणि फळ्यांना अस्तर देण्यात चित्रकार ग्वेंडोलिन नाइट, म्हणजे त्याची पत्नी, बरोबरीने होती.

आता काम कसं केलं ते बघा. साठही फळ्यांवर त्याने आधी रेखाटन केलं. मग एक रंग घेतला आणि तो साठही चित्रांत जिथे जिथे लागणार होता तिथे लावला. आधी काळा, मग क्रमाने उजळ रंग. त्यामुळे पहिल्या चित्रातला निळा आणि पन्नासाव्या चित्रातला निळा एकच आहे. पहिल्या चित्रात स्टेशनवर गर्दी तीन दारांकडे रेटा देते आहे. दारांवर शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस अशी नावं आहेत. चेहरे जवळजवळ नाहीतच, फक्त टोप्या, खांदे आणि गाठोडी. शेवटच्या, साठाव्या चित्रात फलाटावर पुन्हा गर्दी आहे, आणि खालची ओळ सांगते की माणसं येतच राहिली. मधे कुठेही एक नायक नाही. साठ चित्रांचा गठ्ठा एकदमच रंगवल्यामुळे तो सगळा समूहच नायक होतो. हे कुठल्याही चरित्रात नसतं, चित्रांपुढे उभं राहिल्यावर कळतं.

पंधराव्या चित्राजवळ मात्र थांबावंच लागतं. विषय आहे जमावाने फाशी देऊन केलेल्या हत्या. त्या काळात अशा हत्यांचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकली जात. लॉरेन्सने मृतदेह दाखवला नाही. एक आडवी फांदी, तिला लोंबणारा रिकामा फास, आणि खाली खडकावर पाठमोरं, गुडघ्यात दुमडलेलं एक माणूस. बाकी ओसाड. खालच्या ओळीचा आशय असा की जिथे अशी हत्या झाली, तिथे आधी जायला नाखूश असलेले लोकही लगेच निघून गेले. पोस्टकार्ड विकणाऱ्याला जे देहदर्शन हवं होतं तेच तेवीस वर्षांच्या या मुलाने नाकारलं. तुम्ही लॉरेन्सवर लिहाल तेव्हा या एका नकारावर दोन परिच्छेद खर्च करा. ‘त्याने आपल्या बांधवांचं दुःख चितारलं’ हे वाक्य त्यानंतर लिहावंसंच वाटणार नाही.

(या मालिकेतली विषम क्रमांकांची चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनने आणि सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतली. म्हणजे एका कथेची पानं एक सोडून एक दोन शहरांत आहेत. मला हे अजूनही खटकतं.)

दुसरी गोष्ट भांडणांची. आपल्या व्यक्तिचित्रांत कृष्णवर्णीय लेखक नेहमी गोऱ्या समाजाशी लढत असतो. तो लढा खरा आहे. पण त्यांची सर्वांत धारदार, सर्वांत शहाणी भांडणं एकमेकांशी झालेली आहेत आणि समीक्षेचं खरं खाद्य तिथे आहे. १९३७ मध्ये झोरा नील हर्स्टनची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी आली. कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइटने ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकात तिच्यावर तिखट परीक्षण लिहिलं. त्याचं म्हणणं, या कादंबरीला ना विषय ना संदेश. गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत आणि गोऱ्या प्रेक्षकांना हसवत, ती परंपरा हर्स्टन आपण होऊन चालवते आहे. पुढच्याच वर्षी राइटचा कथासंग्रह आला आणि परीक्षण लिहायला हर्स्टन. तिने म्हटलं की हे पुस्तक द्वेषांबद्दलचं आहे. त्याच्या पात्रांच्या बोलीबद्दल तर तिने विचारलं की याला सुरांचा कान आहे की नाही.

इथे बहुतेक लेख एकाची बाजू घेतात. आज हर्स्टन सर्वमान्य झाली आहे, म्हणून राइटला आकसाने लिहिणारा ठरवून मोकळे होतात. तसं करू नका. राइट मिसिसिपीत वाढलेला, आजी-आजोबा गुलामगिरीतून आलेले, आणि १९३७ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकासाठी हार्लेममधून बातम्या लिहीत होता. गोऱ्यांच्या हसण्याचा त्याला आलेला अनुभव भयंकर होता. हर्स्टन फ्लोरिडातल्या ईटनव्हिलची. ते पूर्णपणे कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव १८८७ साली स्थापन झालं, महापौर कृष्णवर्णीय, दुकानदार कृष्णवर्णीय, आणि एके काळी तिचे वडीलच महापौर होते. तिने लहानपणी ऐकलेलं हसणं दुकानाच्या ओसरीवरचं, आपल्याच माणसांचं. दोघांच्या कानांत दोन वेगळी हसणी होती. हे मांडलंत की वाद जिवंत होतो.

आणि मग पुस्तक उघडा. कादंबरीच्या सुरुवातीला आजी नातीला, जेनीला, सांगते की जगाचं ओझं शेवटी कृष्णवर्णीय बाईच्या पाठीवर येतं, ती जगाचं खेचर आहे. काही प्रकरणांनंतर ओसरीवर गावातल्या एका हडकुळ्या खेचराची थट्टा रंगते. त्याच्या बरगड्यांवर बायका कपडे घासतात, घोट्याच्या हाडांवर वाळत घालतात, अशी एकावर एक कडी. वाचताना खरंच हसू येतं. पण जेनी दाराशी उभी आहे. तिलाही या गप्पांत भाग घ्यायचा आहे, तिलाही अशा गोष्टी सुचतात, आणि नवऱ्याने तिला ओसरीवरच्या बैठकीत बोलायची मनाई केली आहे. आजीचं वाक्य आठवत असेल तर खेचरावरचा प्रत्येक विनोद तिच्या अंगावरून जातो. राइटने हसणाऱ्यांकडे पाहिलं. हर्स्टनने हसू न दिलेल्या बाईला त्याच चौकटीत उभं केलं होतं, ते त्याच्या नजरेतून सुटलं. माझ्या मते या ठिकाणी राइट चुकला, आणि हे मी हर्स्टनच्या कीर्तीवरून म्हणत नाही, त्या प्रकरणाच्या रचनेवरून म्हणते. समीक्षकाने निकाल जरूर द्यावा, पण असा पानावर बोट ठेवून द्यावा.

याच हर्स्टनने १९५५ मध्ये फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर टीका केली. ज्याला मी जवळ नको आहे, त्याने कोर्टाच्या हुकुमावरून माझ्याशेजारी बसावं यात मला कसलं समाधान, असा तिचा सवाल होता. हे पत्र अनेक गौरवलेखांत गाळलं जातं. गाळू नका. ईटनव्हिलमध्ये वाढलेल्या, कृष्णवर्णीय शिक्षकांकडे शिकलेल्या बाईचा तो अभिमान आहे, आणि त्या काळी वर्णभेदाच्या समर्थकांनी तो आनंदाने वापरला, हेही तितकंच खरं. दोन्ही लिहा. वाचकाला ते पेलतं.

तिसरी गोष्ट पैसा. व्यक्तिचित्रात पैशाबद्दल लिहायला आपण मराठी लोक संकोचतो. १९२०-३० च्या दशकातल्या हार्लेमच्या लेखकांबद्दल लिहिताना मात्र हा संकोच महाग पडतो. शार्लट ऑसगुड मेसन नावाची एक श्रीमंत गोरी वृद्धा कवी लँगस्टन ह्यूजला आणि हर्स्टनलाही पोसत होती. तिला ‘गॉडमदर’ म्हणायचं अशी अपेक्षा असे. हर्स्टनबरोबर १९२७ च्या डिसेंबरात करार झाला: महिना २०० डॉलर, आणि जमवलेल्या लोककथा-लोकगीतांवर मालकी मेसनबाईंची. त्यांच्या परवानगीशिवाय ती सामग्री हर्स्टनला वापरता येत नव्हती. ज्या कथा तिच्याच गावच्या, तिच्याच लोकांच्या, त्या छापायला ती दुसरीच्या परवानगीची वाट बघत होती. त्या काळात तिने मेसनबाईंना लिहिलेल्या पत्रांचा लाडीगोडीचा सूर या करारासकट वाचला तरच कळतो.

हर्स्टनचंच आणखी एक प्रकरण सांगते, कारण मुलाखत कशी घ्यावी हे मला त्यात जितकं दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसतं. गुलामांची आयात अमेरिकेत १८०८ पासून बंद होती, तरी १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ नावाचं जहाज शंभराहून जास्त माणसं चोरून अलाबामात घेऊन आलं. त्यातला कोसुला, अमेरिकेत कुजो लुइस म्हणून ओळखला गेलेला, १९२७ मध्ये मोबीलजवळच्या आफ्रिकाटाउनमध्ये राहत होता. हर्स्टनने त्याच्यावर पहिला लेख लिहिला, त्यातला बराच मजकूर आधीच्या एका लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता. हे पुढे उघडकीला आलं, आणि तिच्यावर लिहिताना झाकायचं कारण नाही. पण ती परत त्याच्याकडे गेली. जाताना कधी पीच, कधी हॅम, कधी कलिंगड. काही दिवस तो बोलायचा, काही दिवस म्हणायचा आज नको, मला बागेत काम आहे, आणि ती निघून यायची. या नकारांचीही तिने नोंद ठेवली. फोटो काढायचा म्हटल्यावर तो चांगला सूट घालून आला आणि पायातले जोडे काढून ठेवले. आपण आफ्रिकेत आहोत असं दिसायला हवं, कारण तिथेच असावंसं वाटतं, असं त्याने सांगितलं.

तिने त्याचं बोलणं त्याच्याच मोडक्या इंग्रजीत उतरवलं. १९३१ मध्ये एका प्रकाशकाने सुचवलं की बोली काढून सरळ भाषेत लिहा, छापतो. तिने ऐकलं नाही. ‘बॅराकून’ हे पुस्तक छापून यायला २०१८ साल उजाडलं, तिच्या मृत्यूनंतर ५८ वर्षं. बोलीतल्या मजकुराला सरळ करून देण्याची मागणी आपल्याकडच्या लेखकांनाही अपरिचित नाही, त्यामुळे मराठी वाचकाला या नकाराची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

‘पहिला’ आणि ‘पहिली’ या शब्दांपासूनही जपा. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्सबद्दल मराठीत जे थोडं वाचायला मिळतं त्यात हमखास एक गोष्ट असते: पुलित्झर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, १९५०. ही गोष्ट पुरस्कार देणाऱ्यांबद्दल जास्त सांगते, ब्रुक्सबद्दल कमी. तिची शिकागोतल्या बिलियर्ड खेळणाऱ्या सात पोरांवरची छोटी कविता बघा. सगळी मिळून आठ वाक्यं, प्रत्येक वाक्य तीन शब्दांचं, प्रत्येक शब्द एकाच अक्षराएवढ्या उच्चाराचा. प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होतं, पण पहिलं सोडून बाकीचे सगळे ‘आम्ही’ तिने आधीच्या ओळीच्या टोकाला लटकत ठेवले आहेत. ती स्वतः वाचताना तो शब्द हळू, जवळजवळ गिळत म्हणायची. पोरं फुशारकी मारताहेत आणि ‘आम्ही’ म्हणताना त्यांचाच आवाज खाली जातो आहे. शेवटच्या ओळीत मरणाची गोष्ट येते आणि त्या ओळीच्या टोकाला ‘आम्ही’ उरतच नाही. एवढं दाखवलंत की वाचक ब्रुक्सला विसरणार नाही. मग हवं तर सांगा की १९६७ मध्ये फिस्क विद्यापीठातल्या लेखक-परिषदेत तरुण कवींना ऐकून ती हलली, आणि न्यूयॉर्कचा मोठा प्रकाशक सोडून डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेस या छोट्या कृष्णवर्णीय प्रकाशनाकडे आपली पुस्तकं घेऊन गेली. माझ्या लेखी तिच्या आयुष्यातला मोठा निर्णय तो.

तपासणीबद्दल थोडक्यात. हर्स्टन १९६० मध्ये फोर्ट पिअर्सच्या सरकारी आश्रमात वारली. पुरायला वर्गणी काढावी लागली आणि थडग्यावर खूण नव्हती. १९७३ मध्ये कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर तिथे गेली, आपण हर्स्टनची भाची आहोत असं सांगत माणसांना भेटली, कमरेपर्यंत वाढलेल्या गवतातून जागा शोधली आणि दगड बसवला. १९७५ मध्ये ‘मिज’ (Ms.) या स्त्रीवादी मासिकात तिने त्या शोधावर लिहिलं आणि हर्स्टन पुन्हा वाचली जाऊ लागली. व्यक्तिचित्र काय करू शकतं याचं इतकं मोठं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पण त्या दगडावर जन्मसाल १९०१ आहे आणि खरं साल १८९१. चूक वॉकरची म्हणता येणार नाही, हर्स्टननेच ते वय सांगितलं होतं. १९१७ मध्ये बाल्टिमोरला फुकट शालेय शिक्षण मिळायला वय विशीच्या आत हवं होतं आणि ती सव्वीस वर्षांची होती. तिने दहा वर्षं कमी केली, ती कायमची. जन्मगावही ती ईटनव्हिल सांगायची, जन्म झाला अलाबामातल्या नोटासल्गात. तेव्हा आत्मचरित्रातल्या तारखा जनगणनेच्या नोंदींशी ताडून बघा. फरक सापडला तर तो लपवू नका आणि ‘खोटं बोलली’ म्हणून पुढेही जाऊ नका. तो फरक का पडला हे शोधलंत तर एका वाक्यात तिची शिकण्याची भूक दिसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लांबून लिहिण्याचा. मराठीचं या साहित्याशी नातं जुनं आणि खरं आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ३१ जुलैला डू बॉइस यांचं उत्तर आलं, की तुमचं नाव मी ऐकून आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. त्या पिढीच्या मराठी लेखकांनी हे साहित्य शेजाऱ्याचं म्हणून वाचलं. त्यामुळे अधिकाराची चिंता करत बसू नका. चिंता करायची तर तुलनेची करा. जेम्स बाल्डविनसारख्या कृष्णवर्णीय लेखकावर लेख सुरू करायचा आणि तिसऱ्या परिच्छेदात ढसाळांकडे वळायचं, असे लेख माझ्याकडे सतत येतात. त्यात दोघांवरही अन्याय होतो. तुलना करायचीच असेल तर नेमक्या जागी करा. आपल्याच वस्तीतलं सगळं उघड्यावर मांडलं म्हणून दलित आत्मकथनकारांना घरातूनच बोल लावले गेले. राइट-हर्स्टन वाद त्याच्याशेजारी ठेवलात तर दोन्हीकडे काहीतरी नवं दिसेल. तेवढी जागा नसेल तर तुलना सोडून द्या, वाचक ती स्वतः करतो.

तुमच्या यादीत पुढचं नाव जेम्स बाल्डविनचं आहे. मी तुमच्या जागी असते तर ते एक अंक मागे ढकललं असतं आणि आधी राइटवर लिहिलं असतं. १९४५ मध्ये राइटने धडपड करून विशीतल्या बाल्डविनला पहिली शिष्यवृत्ती मिळवून दिली. चार वर्षांनी पॅरिसमध्ये बाल्डविनने ‘निषेधाच्या कादंबरी’वर निबंध लिहिला आणि त्याचा शेवट राइटच्या ‘नेटिव्ह सन’च्या नायकावर नेला. राइट दुखावला, तो कायमचा. १९६० मध्ये राइट पॅरिसलाच वारला आणि त्यानंतर बाल्डविनने त्याच्यावर पुन्हा लिहिलं, त्यात ऋणही आहे आणि न मिटलेलं भांडणही. तुमच्या वाचकाने ‘नेटिव्ह सन’चा बिगर टॉमस आधी भेटलेला असेल, पहिल्याच प्रसंगात त्या एकखणी बिऱ्हाडात तव्याने उंदीर मारताना पाहिलेला असेल, तरच बाल्डविनचा आक्षेप त्याला समजेल. राइटचा लेख त्या खोलीतून सुरू करा.